'हॅव', 'हॅज', 'हॅड': मराठी माणसाला पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न

मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आमच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, आणि माझ्याकडे येणारे बरेच जण त्याच पिढीतले. त्यांच्या वह्यांत आणि निरोपांत सगळ्यात जास्त वेळा अडतं ते 'हॅव'पाशी. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीतच लिहिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचून जिभेवर बसवता येतील.

१. मराठीत 'हॅव'साठी नेमका कोणता शब्द आहे?

असा एक शब्द मराठीत नाही, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. मालकी सांगायला आपण वेगळं क्रियापद वापरतच नाही. क्रियापद 'असणे' हेच राहतं आणि मालकी कुठल्या प्रकारची आहे ते शब्दाच्या शेपटीला कळतं. नातं असेल तर 'ला' लावतो: मला तीन बहिणी आहेत. वस्तू असेल तर 'कडे': माझ्याकडे स्कूटर आहे. वस्तू आत्ता हाताशी असेल तर 'जवळ': माझ्याजवळ सुटे आहेत. घरदार, शेतीवाडी असेल तर 'चा-ची-चे': त्यांची गावाला दोन एकर शेती आहे. आजाराला पुन्हा 'ला': तिला दमा आहे.

इंग्रजी या सगळ्यांना एकाच दावणीला बांधते. मालकाला वाक्यात पहिला बसवायचं आणि पुढे 'हॅव' म्हणायचं: 'आय हॅव थ्री सिस्टर्स', 'आय हॅव अ स्कूटर', 'शी हॅज अस्थमा'. म्हणून भाषांतर करताना 'मला', 'माझ्याकडे', 'माझं' यांतलं काय आहे याचा विचार सोडून द्या. कोणाचं आहे तेवढं शोधा आणि त्याला वाक्याच्या तोंडाशी आणा. 'टू मी थ्री सिस्टर्स आर' किंवा 'माय नियर स्कूटर इज' असं जे तोंडातून निघतं, ते मराठी वाक्य जसंच्या तसं उचलल्यामुळे निघतं.

यात मराठीचं काही उणं नाही, हे मी प्रत्येक वर्गात सांगते. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति' म्हणतात, हिंदीत 'मेरे पास किताब है', रशियनमध्ये 'उ मेन्या येस्त'. जगातल्या पुष्कळ भाषा 'माझ्यापाशी आहे' असंच म्हणतात. उलट नात्याची मालकी आणि वस्तूची मालकी आपण वेगवेगळी बोलतो, ही मला आपल्या भाषेची श्रीमंती वाटते. 'माझ्याकडे दोन मुलं आहेत' असं कोणी म्हणालं, तर ती शिकवणीला किंवा सांभाळायला आलेली असतील असं आपल्याला वाटतं. 'मला दोन मुलं आहेत' म्हटलं की ती पोटची. हा फरक इंग्रजीतल्या 'हॅव'ला दाखवता येत नाही.

२. 'हॅव' कुठे आणि 'हॅज' कुठे? नियम पाठ आहे, तरी बोलताना चुकतंच.

नियम छोटा आहे. 'ही', 'शी', 'इट' आणि एका माणसाचं किंवा वस्तूचं नाव असेल तर 'हॅज'. 'आय', 'यू', 'वी', 'दे' असेल तर 'हॅव'. भूतकाळात सगळ्यांनाच 'हॅड'.

चूक का होते ते मात्र नियमात नाही, मराठीत आहे. 'त्याला तीन बहिणी आहेत' या वाक्यात 'आहेत' हे बहिणींमुळे आलं. एकच बहीण असती तर 'आहे' आलं असतं. म्हणजे मराठी क्रियापद वस्तूकडे बघून बदलतं. इंग्रजी क्रियापद मालकाकडे बघतं, बहिणी तीन असोत की तेरा. म्हणून 'ही हॅव थ्री सिस्टर्स' ही चूक बहिणींच्या अनेकवचनाने घडवलेली असते आणि 'दे हॅज अ कार' ही चूक गाडीच्या एकवचनाने. बोलण्याआधी एकच विचार करायचा: मालक कोण? 'ही'. मग 'हॅज'.

दुसरं कारण आदराचं. आपण 'बाबा आलेत' म्हणतो, 'बाबा आलाय' म्हणत नाही. तो आदर मनात असल्यामुळे 'माय फादर हॅव अ शॉप' असं बाहेर पडतं. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. 'माय फादर हॅज अ शॉप' म्हणण्यात बाबांचा काही अपमान होत नाही. एका विद्यार्थ्याला हे पटायला महिना लागला, आणि त्याचं संकोचणं मला मनापासून आवडलं होतं.

आणखी दोन जागा लक्षात ठेवा. 'एव्हरीवन' आणि 'एव्हरीबडी' म्हणजे मराठीत 'सगळे', पण इंग्रजीत ते एकवचनी धरतात: 'एव्हरीवन हॅज अ फोन'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये मालक 'वन' आहे, 'फ्रेंड्स' नव्हे: 'वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज अ टेम्पो'.

३. 'माझ्याजवळ आत्ता नाही, घरी आहे' हा फरक इंग्रजीत कसा दाखवायचा?

शेवटी 'विथ मी' किंवा 'ऑन मी' जोडून. 'आय हॅव अ लायसन्स, बट आय डोन्ट हॅव इट विथ मी' म्हणजे लायसन्स आहे, पण आत्ता जवळ नाही. खिशात, पर्समध्ये, अंगावर असणाऱ्या गोष्टींसाठी 'ऑन मी' जास्त शोभतं: 'आय डोन्ट हॅव एनी चेंज ऑन मी', माझ्याजवळ सुटे नाहीत. वाहतूक पोलिसासमोर लायसन्सचं वाक्य नीट बोलता आलं तर बरंच काम होतं.

४. प्रश्न कसा विचारायचा? 'हॅव यू अ पेन?' की 'डू यू हॅव अ पेन?'

आज 'डू यू हॅव अ पेन?' असंच विचारा. 'हॅव यू अ पेन?' ही जुनी ब्रिटिश पद्धत आहे. जुन्या पुस्तकांत दिसेल, पण आता ती ऐकायला जुनाट वाटते.

'डज' किंवा 'डिड' आलं की काळाचं आणि पुरुषाचं ओझं ते उचलतं, 'हॅव' मोकळं राहतं. म्हणून 'डज शी हॅव', 'डज शी हॅज' नाही. 'डिड यू हॅव', 'डिड यू हॅड' नाही. नकारातही तेच: 'शी डझन्ट हॅव टाइम', 'वी डिडन्ट हॅव मनी'. 'आय हॅव नो मनी' हेही बरोबर आहे, फक्त त्यात जोर जास्त: माझ्याकडे दमडीही नाही, या सुरातलं.

५. इंग्रजी मालिकांमध्ये 'आयव्ह गॉट' ऐकू येतं. ते काय?

'आय हॅव' आणि 'आय हॅव गॉट' यांचा मालकीचा अर्थ एकच. दुसरं जास्त बोलीतलं आहे आणि ब्रिटनमध्ये जास्त ऐकू येतं. इथे 'गॉट' म्हणजे 'मिळालं' असं समजू नका. प्रश्न 'हॅव यू गॉट अ पेन?' असा होतो, तिथे 'डू' लागत नाही. ही रचना वर्तमानापुरतीच ठेवा; भूतकाळात सरळ 'आय हॅड' म्हणा. आणि प्रश्न ७ मधल्या क्रियांना ती चालत नाही: 'आय हॅव गॉट लंच ॲट वन' म्हटलं तर एक वाजता जेवणाचा कार्यक्रम ठरलाय असा अर्थ निघेल, मी रोज एकला जेवतो असा नाही.

६. 'आय ॲम हॅविंग अ कार' मध्ये चूक काय आहे? सगळे तर असंच बोलतात.

सगळे बोलतात हे खरं. भारतात कुठेही हे वाक्य समजतं. तरीही मुलाखतीत, अर्जात, परीक्षेत ते टाळा, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्या म्हणण्यावरून तिथे वळतं.

कारण असं की गाडी असणं ही स्थिती आहे, ती 'चालू' नसते. 'मी जात आहे' मध्ये जाणं चाललंय. 'माझ्याकडे गाडी आहे' मध्ये काहीच चाललेलं नाही, ती नुसती आहे. पण मराठीत दोन्ही वाक्यांच्या शेवटी 'आहे' येतं, आणि 'आहे' ऐकलं की आपला हात 'ॲम'कडे जातो. 'आय ॲम हॅव' ही नवशिक्यांची चूकही त्याच 'आहे'मुळे. नाती, वस्तू, गुण, शंका, वेळ यांना 'हॅविंग' नको: 'आय हॅव अ डाउट', 'आय हॅव टाइम', 'शी हॅज लाँग हेअर'.

जिथे 'हॅव'चा अर्थ खरंच एखादी क्रिया असा होतो, तिथे मात्र 'हॅविंग' बिनदिक्कत वापरा. 'वी आर हॅविंग लंच', आम्ही जेवतोय. 'वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाइट', आज रात्री पाहुणे येणार आहेत. 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ धिस फॉर्म', हा फॉर्म भरताना अडचण येतेय. आणि एक नाजूक जोडी: 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे, 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे ती आई होणार आहे. इथली चूक पेढ्यांपर्यंत जाते, म्हणून जपून.

ओळखायची खूण: मराठी वाक्यात 'करणे', 'घेणे', 'येणे', 'होणे' असं काही घडणारं क्रियापद असेल तर 'हॅविंग' चालण्याची शक्यता आहे. नुसतं 'आहे' असेल तर नाही.

७. चहा घेतो, नाश्ता करतो, अंघोळ करतो, या सगळ्याला 'हॅव' कसं काय?

मराठीत रोजची कामं 'करणे' आणि 'घेणे' या दोघांवर चालतात. इंग्रजीत त्यातली पुष्कळशी 'हॅव'ने उचलली आहेत. खाणंपिणं सगळं: 'हॅव टी', 'हॅव ब्रेकफास्ट', 'हॅव अ मँगो'. अंघोळ: 'हॅव अ बाथ' (अमेरिकेत 'टेक' म्हणतात, दोन्ही बरोबर, पण 'डू बाथ' नको). शिवाय 'हॅव अ रेस्ट', 'हॅव अ लुक', 'हॅव अ चॅट', 'हॅव अ वॉश', 'हॅव अ फाइट'.

या जोड्यांत 'अ' विसरू नका. फक्त 'टी' आणि जेवणाच्या वेळांची नावं 'अ' शिवाय येतात: 'हॅव टी', 'हॅव लंच', 'हॅव डिनर'. जेवणाच्या नावांना विशेषण लावलं की 'अ' परत येतो: 'वी हॅड अ लाइट लंच'.

'हॅव अ लुक' आणि नुसतं 'लुक' यांत थोडा सूर बदलतो. 'हॅव अ लुक ॲट धिस' म्हणजे 'हे जरा बघता का'. ते 'जरा' इंग्रजीत 'हॅव अ' मध्ये लपलेलं असतं. हे एकदा कळलं की तुमचं इंग्रजी एकदम मऊ होतं.

८. पाहुण्यांना 'घ्या ना, घ्या ना' असा आग्रह कसा करायचा?

'प्लीज हॅव सम मोअर.' एवढं पुरतं. पहिल्यांदा विचारताना 'वुड यू लाइक सम टी?' किंवा 'विल यू हॅव सम टी?' म्हणा, 'टेक टी' हुकमासारखं वाटतं. 'बसा ना' साठी 'प्लीज हॅव अ सीट', कारण नुसतं 'सिट' लहान मुलांना म्हणतात. हॉटेलात 'आयल हॅव अ मसाला डोसा' म्हणजे मी मसाला डोसा घेईन आणि शेवटी 'कॅन आय हॅव द बिल, प्लीज?'

आपला आग्रह तीन-तीन वेळा असतो. इंग्रजी बोलणारा पहिल्या 'नो, थँक्स'लाच मनापासून नाही म्हणत असतो. मुलाकडे परदेशी गेलेल्या आयांना मी हे आधीच सांगून ठेवते.

९. 'मला ताप आलाय' याचं 'फीवर हॅज कम टू मी' होतं का?

नाही. मराठीत ताप येतो, सर्दी होते, डोकं दुखतं, पोट बिघडतं. प्रत्येक दुखण्याचं क्रियापद वेगळं. इंग्रजीत आजारी माणूस मालक आणि आजार त्याची मालमत्ता: 'आय हॅव अ फीवर', 'आय हॅव अ कोल्ड', 'आय हॅव अ हेडेक'. मोठ्या आजारांच्या नावांना 'अ' लागत नाही: 'ही हॅज मलेरिया', 'शी हॅज डायबिटीस'. डॉक्टरांना कधीपासून ते सांगायचं असेल तर 'आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे' असं म्हणा. तो दुहेरी 'हॅव हॅड' का, हे प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. मग 'मला भूक लागलीय' म्हणजे 'आय हॅव हंगर'?

इथे 'हॅव' नको. भूक, तहान, थंडी, झोप आणि वय यांना इंग्रजी 'ॲम-इज-आर' लावते: 'आय ॲम हंगरी', 'आय ॲम कोल्ड', 'शी इज ट्वेंटी'.

११. निर्जीव वस्तूंना 'हॅव' चालतं का? खोली थोडीच कशाची मालक असते?

चालतं. 'खोलीला दोन खिडक्या आहेत' यात आपणही खोलीला 'ला' लावतोच की. 'द रूम हॅज टू विंडोज' किंवा 'देअर आर टू विंडोज इन द रूम', दोन्ही बरोबर. एखादी गोष्ट त्या वस्तूचाच भाग असेल तर 'हॅज' छान बसतं. तात्पुरती ठेवलेली असेल तर 'देअर इज' सरळ: 'देअर इज अ कॅट इन द रूम'.

१२. 'हॅव टू' म्हणजे 'पाहिजे' की 'लागतं'?

'लागतं'. 'आय हॅव टू गो' म्हणजे मला जावं लागतंय. 'आय हॅड टू गो' म्हणजे जावं लागलं. 'आय विल हॅव टू गो' म्हणजे जावं लागेल. 'लागणे'चं रूप ठेवलंत की तिन्ही काळ आपोआप जमतात.

गोंधळ 'मला जायचंय'मुळे होतो. त्यात इच्छाही असते आणि सक्तीही. 'मला सिनेमाला जायचंय' मध्ये हौस आहे, तिथे 'वॉन्ट टू'. 'मला उद्या कोर्टात जायचंय' मध्ये हौस नाही, तिथे 'हॅव टू'. इंग्रजीत बोलण्याआधी हे स्वतःला विचारावंच लागतं.

उच्चाराकडेही लक्ष द्या. इथे 'हॅव टू' चा उच्चार 'हॅफ टू' होतो आणि 'हॅज टू' चा 'हॅस टू'. कान त्याला सरावले नसतील तर अख्खं वाक्य निसटतं.

१३. 'डोन्ट हॅव टू' आणि 'मस्ट नॉट' एकच ना?

अजिबात नाही, आणि ही चूक महागात पडते. 'यू डोन्ट हॅव टू पे' म्हणजे पैसे भरायची गरज नाही, भरलेत तरी चालेल. 'यू मस्ट नॉट पे' म्हणजे पैसे भरता कामा नयेत. पहिल्यात सूट आहे, दुसऱ्यात मनाई. होकारात 'हॅव टू' आणि 'मस्ट' जवळजवळ असतात, नकारात त्यांच्या वाटा पार वेगळ्या होतात.

१४. 'मी जेवलोय' मध्ये मालकी कुठे आहे? तिथे 'हॅव' का येतं?

तिथे 'हॅव' मदतनीस आहे. 'आय हॅव ईटन' म्हणजे 'मी जेवलो आहे'. आपणही इथे 'आहे' हाच मदतनीस घेतो, त्यामुळे ही रचना मराठी माणसाला सोपी जाते. पण दोन खड्डे आहेत.

पहिला 'काल'चा. 'मी त्यांना कालच सांगितलंय' हे मराठीत अगदी ठीक आहे. इंग्रजीत 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१५' असा ठरलेला भूतकाळ आला की 'हॅव' निघून जातं: 'आय टोल्ड देम यस्टरडे'. 'आय हॅव टोल्ड देम यस्टरडे' चालत नाही.

दुसरा 'पासून'चा. 'मी २०१५ पासून नाशिकला राहतो' यात मराठीला साधा वर्तमान पुरतो. इंग्रजीला पुरत नाही: 'आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स २०१५'. 'आय ॲम लिव्हिंग सिन्स' हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं, तरी ते सोडा.

याच रचनेतली एक सुंदर जोडी आहे. 'ही हॅज गॉन टू गोवा' म्हणजे तो गोव्याला गेलाय, अजून परतला नाही. 'ही हॅज बीन टू गोवा' म्हणजे गोव्याला जाऊन आलाय. आपलं 'जाऊन येणं' इंग्रजीत 'बीन' झालं, एवढं लक्षात ठेवलं की पुन्हा चूक होत नाही.

१५. 'हॅव हॅड', 'हॅड हॅड' ही छपाईची चूक आहे का?

नाही. पहिला शब्द प्रश्न १४ मधला मदतनीस, दुसरा मुख्य क्रियापद. 'आय हॅव हॅड माय टी' म्हणजे माझा चहा झालाय. 'आय हॅड हॅड माय टी बिफोर ही केम' म्हणजे तो येण्याआधी माझा चहा झाला होता. 'हॅव' खाली 'आहे' आणि 'हॅड' खाली 'होता' लिहा, पुढचा 'हॅड' आपोआप उलगडतो.

१६. 'शीज' म्हणजे 'शी इज' की 'शी हॅज'?

दोन्ही असू शकतं, पुढचा शब्द बघा. 'शीज गॉट', 'शीज बीन', 'शीज सीन' असेल तर 'हॅज'. 'शीज टॉल', 'शीज कमिंग' असेल तर 'इज'. मालकीचं 'शी हॅज अ कार' मात्र कधीच आखडत नाही. 'शीज अ कार' म्हटलं तर बिचारीची गाडी होईल.

१७. 'मी केस कापले' याला 'आय कट माय हेअर' म्हटलं तर सगळे हसले. का?

त्यांना वाटलं तुम्ही स्वतःच कात्री चालवलीत. मराठीत न्हाव्याकडून कापले तरी आपण 'केस कापले' म्हणतो आणि कोणाला शंका येत नाही. इंग्रजीला 'कापून घेतले' असंच सांगावं लागतं: 'आय हॅड माय हेअर कट'. आधी 'हॅव'चं रूप, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'वी हॅड द हाउस पेंटेड', घर रंगवून घेतलं. 'आय ॲम हॅविंग माय ब्लाउज स्टिच्ड', ब्लाउज शिवायला टाकलाय.

क्रम हलला की अर्थ बदलतो. 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे मी (स्वतः) केस कापले होते. आणि हीच रचना नको ते घडल्यावरही येते: 'ही हॅड हिज पॉकेट पिक्ड' म्हणजे त्याचा खिसा मारला गेला. तो काही त्याने मारून घेतला नव्हता. कुठे 'करून घेतलं' आणि कुठे 'अंगावर आलं' हे संदर्भावरूनच कळतं.

१८. 'यू हॅड बेटर गो' मध्ये 'हॅड' आहे, मग हे भूतकाळातलं का नाही?

कारण ही ठरून गेलेली रचना आहे. अर्थ 'तुम्ही गेलेलं बरं', आत्ताच. (गंमत म्हणजे मराठीतही 'गेलेलं' हे रूप भूतकाळाचंच दिसतं, आणि आपल्याला कधी खटकत नाही.) पुढे 'टू' लावू नका, आणि नकार 'हॅड बेटर नॉट गो' असा करा. यात किंचित धाक आहे, म्हणून वरिष्ठांना किंवा वडीलधाऱ्यांना सल्ला देताना 'शुड' वापरा.

१९. परीक्षेत 'ही हॅज अ कार' चा प्रयोग बदलायला सांगितला तर?

मालकीच्या 'हॅव'चा कर्मणी प्रयोग होत नाही. 'अ कार इज हॅड बाय हिम' हे व्याकरणाच्या तक्त्यात बसवता येतं, पण कोणी बोलत नाही. 'अ गुड टाइम वॉज हॅड बाय ऑल' असा एक जुना ठरीव प्रयोग तेवढा ऐकू येतो, सगळ्यांचा वेळ मजेत गेला या अर्थी. प्रश्न १४ मधल्या मदतनिसाची गोष्ट वेगळी: 'ही हॅज सोल्ड द कार' चं 'द कार हॅज बीन सोल्ड' बिनचूक होतं, कारण तिथे प्रयोग 'विकणे'चा बदलतो आणि 'हॅज' आता गाडीकडे बघून येतं.